‘कोयता’ आणि ‘पिशवी’ : बीड जिल्ह्यातील गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चर्चेचे परीक्षण

१

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ च्या एप्रिल महिन्यात वृत्तपत्रांतून देशापुढे आला. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य शासनाकडे विचारणा केली. जून महिन्यात विधान परिषदेत त्यावर चर्चा झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि यथावकाश तिचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने साखर, कर्ज, बालविवाह आणि शस्त्रक्रिया यांची साखळी उलगडणारा वृत्तान्त छापला, तेव्हा हा विषय जिल्ह्याच्या आणि देशाच्याही सीमा ओलांडून गेला.

या सर्व लेखनाने एक मोठे कार्य केले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जी गोष्ट बालाघाटच्या वाड्या-वस्त्यांवर वर्षानुवर्षे सर्वांना ठाऊक होती, तिची नोंद सार्वजनिक दप्तरात झाली. परंतु वारंवार सांगितल्या गेलेल्या कोणत्याही कथेप्रमाणे या कथेलाही एक ठरीव आकार आला आहे. तीत तीन पात्रे असतात : पैशाचा लोभी डॉक्टर, निर्दय मुकादम आणि अडाणी बाई. गावाचे वर्णनही ठरलेले असते. गर्भाशय नसलेल्या स्त्रियांचे गाव म्हणून ते वाचकापुढे येते. या ठरीव आकारात काय सामावते आणि काय निसटते, आणि निसटलेल्या भागामुळे उपाययोजना कोठे अपुरी पडते, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम आकड्यांचा विचार करू. या चर्चेत तीन आकडे फिरत असतात. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. गोऱ्हे समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात सुमारे ३०,००० हा आकडा आला. वृत्तान्तांत हे तिन्ही आकडे एकाच गोष्टीचे उत्तरोत्तर वाढते माप असल्याप्रमाणे लागोपाठ दिले जातात. वस्तुतः त्यांची जात वेगळी आहे. पहिला आकडा तीन वर्षांतील शस्त्रक्रियांचा असून त्यात ऊसतोड न करणाऱ्या स्त्रियाही येतात. दुसरा केवळ ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचा असून त्यांच्या आयुष्यात केव्हाही झालेल्या शस्त्रक्रिया त्यात मोजल्या आहेत. तिसरा आकडा हा अंदाज आहे. एक आकडा प्रवाहाचा, दुसरा साठ्याचा आणि तिसरा तर्काचा. त्यांची बेरीज-वजाबाकी करता येत नाही, तशी परस्परांशी तुलनाही करता येत नाही.

दुसऱ्या आकड्याचे महत्त्व मात्र फार आहे, कारण त्याला छेद आहे. १३,८६१ भागिले ८२,३०९ म्हणजे शेकडा सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण देशात ३.२ आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. या दोन पाहण्यांची रीत एक नाही आणि वयोगटही एकच असल्याचे गृहीत धरता येत नाही. म्हणून ‘राज्याच्या सहापट’ हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. पण एवढे मोठे अंतर केवळ वयाच्या फरकाने भरून निघणे अवघड आहे. आकडा अतिशयोक्तीने वाढवल्यावाचूनही तो पुरेसा गंभीर आहे. उलट ४,६०५ हा आकडा सर्वाधिक उद्धृत झाला असला तरी, जिल्ह्यात स्त्रिया किती, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या धंद्याच्या, हे सोबत नसल्याने त्यातून संताप उत्पन्न होतो, निष्कर्ष निघत नाही.

समितीच्या पाहणीतील आणखी एक गोष्ट कथेच्या भरात मागे पडते. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी नंतर शारीरिक वा मानसिक त्रास होत असल्याचे सांगितले. गर्भाशय गेले हा चर्चेचा विषय झाला. ते गेल्यानंतरची तीस-चाळीस वर्षे चर्चेबाहेर राहिली. शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली असतील तर रजोनिवृत्ती तत्काळ येते. ती राखली असली तरी नेहमीपेक्षा लवकर येण्याचा संभव असतो. हाडांचा ठिसूळपणा व हृदयविकार यांचा धोका त्याबरोबर वाढतो. ज्या स्त्रीचे पुढील आयुष्य डोक्यावर मोळी वाहण्यात जावयाचे आहे, तिच्या बाबतीत कंबर व मणके यांचा प्रश्न उपजीविकेचाच असतो. उपचारांचा पाठपुरावा हा भाग जवळजवळ सर्व लेखनात उपेक्षित आहे.

३

या चर्चेचा दुसरा आधार म्हणजे ‘अनावश्यक शस्त्रक्रिया’ ही संकल्पना. अनेक शस्त्रक्रिया वैद्यकीय दृष्ट्या टाळता येण्यासारख्या होत्या, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ‘अनावश्यक’ या शब्दाचा वाचकाच्या मनावर असा परिणाम होतो की, बाईला काही झालेच नव्हते, तिला केवळ फसवले गेले. हे खरे नाही.

महाराष्ट्रातच झालेल्या एका अभ्यासाचे येथे स्मरण करणे अवश्य आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांत एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार होते. आणि यापूर्वी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. विकसनशील देशांत स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या तोवरच्या समजुतीला या अभ्यासाने धक्का दिला. पुढे १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या-परिषदेत प्रजनन-आरोग्याची व्यापक कल्पना मान्य झाली, तिच्या पार्श्वभूमीत अशा अभ्यासांचा वाटा होता.

गडचिरोलीच्या निष्कर्षांच्या प्रकाशात बीडकडे पाहिले की प्रश्नाचे रूप पालटते. फडावर पाणी नाही, शौचालय नाही, न्हाणीघर नाही. पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोपीत पाच-सहा महिने राहावयाचे. पाळीच्या दिवसांत कापड धुण्यास व वाळवण्यास आडोसा नाही. अशा स्थितीत अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे, खाज, जळजळ या तक्रारी सार्वत्रिक असाव्यात यात नवल नाही. यांतील पुष्कळ विकार साध्या औषधोपचाराने बरे होणारे असतात. पण औषधोपचारासाठी तपासणी लागते, तपासणीसाठी पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावे लागते, आणि औषध पुरे घ्यावे लागते. सहा महिने एका जिल्ह्यात आणि सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात वा कर्नाटकात काढणाऱ्या बाईला हे कसे साधावे? तिच्या वाट्याला येणाऱ्या वैद्यकात सोप्या उपायाला जागाच राहत नाही. आजार खरा असतो, उपचार मात्र त्या आजाराचा नसतो, असे या शस्त्रक्रियांचे वर्णन अधिक न्याय्य होईल.

कॅन्सरच्या भीतीविषयीही हेच म्हणता येते. गर्भाशयाच्या तोंडाला सूज वा जखम आहे, ती न काढल्यास कॅन्सर होईल, असे सांगितले गेल्याचे असंख्य स्त्रियांनी नोंदवले आहे. या भीतीत एक दुःखद विपर्यास आहे. बीडला लागून असलेल्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एच.पी.व्ही. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा केल्याने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, असे त्यातून दिसून आले. त्या प्रयोगात एका गटातील स्त्रियांची चाचणी केली गेली नव्हती, यावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते विचारार्ह आहेत. पण येथे प्रस्तुत मुद्दा निराळा आहे. कॅन्सर टाळण्यासाठी सरसकट गर्भाशय काढण्याची गरज नाही, वेळीच तपासणे पुरेसे आहे, याचा जगाला उपयोगी पडलेला पुरावा ज्या जिल्ह्यातील स्त्रियांनी दिला, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात कॅन्सरची भीती शस्त्रक्रियेचे कारण म्हणून वापरली गेली. ज्ञान सीमेपलीकडे होते. ते वाहून आणणारी यंत्रणा नव्हती. अंबाजोगाईसारख्या ठिकाणी ग्रामीण भागासाठी म्हणून स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असूनही हे घडावे, ही गोष्ट अधिकच विचार करावयास लावणारी आहे.

४

आता या प्रश्नाच्या मर्माकडे वळले पाहिजे. ते मर्म ‘कोयता’ या एका शब्दात आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम टोळीत माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो. उचल कोयत्याला दिली जाते, हिशेब कोयत्याच्या नावे चालतो आणि पैसे बहुधा पुरुषाच्या हाती पडतात. ऊस तोडणे, वाढे छाटणे, पाचट सोलणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीत भरणे यांपैकी बरीचशी कामे बाई करते. तरीही हिशेबाच्या वहीत ती स्वतंत्र कामगार म्हणून कोठेही नसते. तिचे स्वतंत्र अस्तित्व एकाच प्रसंगी प्रकट होते : ती आजारी पडली, की कोयता मोडतो आणि खाडा पडतो.

खाड्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने दिवसभरात दोन टन ऊस तोडला असे धरले, तर दिवसाची मजुरी ७३२ रुपये होते. एका खाड्यास ५०० रुपये वा त्याहून अधिक दंड कापला जातो, असे अनेक वृत्तान्तांत नोंदले आहे. म्हणजे बाईने एक दिवस विश्रांती घेतली तर बुडालेली मजुरी व दंड मिळून १,२३२ रुपये जातात. पाळीच्या त्रासामुळे महिन्याला तीन दिवस गेले, तर पाच महिन्यांच्या गळीत हंगामात ती रक्कम १८,४८० रुपये होते. शस्त्रक्रियेचा खर्च वृत्तान्तांत बहुधा तीस-चाळीस हजारांच्या घरात सांगितला जातो. दोन हंगामांच्या खाड्यांत तो भरून निघतो.

हा हिशेब कोणी कागदावर मांडून शस्त्रक्रियेस जात नाही, हे खरे. आणि बहुसंख्य स्त्रिया खाडा न करता त्रास सोसत कामच करतात, हेही खरे. पण हिशेबाचा अर्थ त्यामुळे बदलत नाही. मुकादम गर्भाशय काढण्याची सक्ती करतात काय, या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मुकादमांनी ते नाकारले आहे. काही स्त्रियांनी दडपण आल्याचे सांगितले आहे. तथापि, जेथे उचल, दंड आणि टनावर मजुरी या तीन गोष्टी एकत्र येतात, तेथे सक्तीची आज्ञा देण्याची गरजच उरत नाही. आज्ञा कोणी दिली याचा शोध घेत बसल्याने जी व्यवस्था आज्ञेवाचून चालते ती दृष्टिआड होते.

बाईच्या ‘अडाणीपणा’विषयीही पुनर्विचार करणे भाग आहे. राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. लग्न लवकर होण्याचाही कोयत्याशी संबंध आहे, कारण जोडी झाली की उचल मिळते. विशीच्या मध्यापर्यंत मुले होतात आणि स्त्रीची नसबंदी होते. देशात स्त्रियांच्या नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या नसबंदीचे ०.३ टक्के आहे. कुटुंबनियोजनाचे ओझे शस्त्रक्रियेच्या रूपाने स्त्रीने वाहावे, हे अनेक दशके शासनानेच शिकवले. मुले झाली, नसबंदी झाली, की गर्भाशय हे केवळ दुखण्याचे आणि खाड्याचे कारण उरते. अशा स्थितीत ते काढून टाकण्यास संमती देणारी बाई आपल्या परिस्थितीचा विचार करूनच संमती देत असते. तिच्यापुढे ठेवलेले पर्याय निकृष्ट आहेत. तिची बुद्धी निकृष्ट नाही.

भाषाही या संमतीत सहभागी आहे. गावात कोणी ‘गर्भाशय’ म्हणत नाही; ‘पिशवी’ म्हणतात. पिशवी भरते, रिकामी होते, फाटते, खराब होते आणि टाकून देता येते. हा शब्द लज्जेपोटी आलेला असला तरी दवाखान्यात तोच उपयोगी पडतो : ‘पिशवी खराब झाली, काढून टाका’ या वाक्याला निदानाचे रूप येते. शरीराच्या इतर कार्यांशी त्या अवयवाचा काही संबंध आहे, अंडाशये हे निराळे अवयव आहेत, ती काढली की राखली हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, यांतील काहीच ‘पिशवी’ या शब्दात मावत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या किती स्त्रियांना आपली अंडाशये आहेत की नाहीत हे ठाऊक आहे, हा एकच प्रश्न विचारला तरी संमती या शब्दाचा अर्थ किती पोकळ झाला आहे ते कळेल.

५

बीडची गोष्ट एकाकी नाही, पण ती इतरांसारखीही नाही. राजस्थान, छत्तीसगड व बिहार येथेही अशाच शस्त्रक्रिया उघडकीस आल्या. बिहार व छत्तीसगड येथे आरोग्य-विम्याच्या योजनेतून रुग्णालयांना मिळणारी ठरावीक रक्कम हे प्रलोभन असल्याचे दिसून आले. त्या प्रकरणांवरून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि ती तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. विम्याच्या प्रकरणी पैसा शासनाचा होता. म्हणून देयके तपासून गैरप्रकार रोखण्यास मार्ग होता. बीडमध्ये मात्र पुष्कळदा पैसा स्त्रीचा स्वतःचा, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा असतो. शस्त्रक्रियेचे कर्ज पुढील हंगामाच्या श्रमाने फेडावयाचे असते. त्यामुळे सुमारे सहा आठवड्यांची विश्रांती सांगितली गेली तरी ती घेणे परवडत नाही. जो उपचार श्रमासाठी केला, तोच अधिक श्रमाला बांधून टाकतो.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे उपायही अर्धे राहिले आहेत. २०१९ नंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. देखरेखीच्या समित्यांची व्यवस्था मार्गदर्शक तत्त्वांत आहे. हे निर्बंध इष्ट आहेत. लोभी हाताला त्यांनी निश्चित आळा बसेल. पण परवानगी नाकारली गेल्यानंतर बाईच्या दुखण्याचे काय करावयाचे, हे परवानगीच्या नियमात लिहिलेले नाही. तिला तपासणी, औषध आणि विश्रांती मिळाली नाही, तर ती तो त्रास घेऊन फडावर जाईल किंवा नियम लागू नसलेल्या जिल्ह्यात जाऊन शस्त्रक्रिया करून घेईल. केवळ दार बंद करणारा नियम आजाऱ्याला घरी पाठवतो, बरे करीत नाही.

खरा प्रश्न मालक कोण, हा आहे. १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली आणि शेतकऱ्याला कारखान्याचा मालक होण्याचा मान मिळाला. सहकाराच्या या गौरवास्पद इतिहासात ऊस तोडणाऱ्याला मात्र सभासदत्व नव्हते आणि नोकरीही नव्हती. कारखाना म्हणतो, कामगार मुकादमाचा. मुकादम म्हणतो, मी तर उचल देणारा मध्यस्थ. १९६१ साली प्रसूतिलाभ कायदा झाला, पण नियोक्ता निश्चित झाल्यावाचून असा कोणताही लाभ कोणाकडे मागावयाचा? गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि कारखान्यांनी टनामागे १० रुपये त्यासाठी द्यावेत असे ठरले, हे योग्य दिशेचे पाऊल होय. या निधीचे मोल मात्र एकाच कसोटीवर ठरेल : बाईची नोंद त्यात कोयत्याची अर्धी बाजू म्हणून होते, की स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यासह आणि आजारपणाच्या रजेच्या हक्कासह होते?

६

या परीक्षणातून अभ्यासकांसाठी काही मुद्दे निष्पन्न होतात. पुढील पाहण्यांत वय, अंडाशयांची स्थिती, शस्त्रक्रियेपूर्वी झालेले उपचार, खर्चाचा उगम आणि शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी काम सुरू झाले, या पाच गोष्टींची नोंद अनिवार्य असावी. ऊसतोड न करणाऱ्या, पण त्याच गावात राहणाऱ्या स्त्रियांशी तुलना करावी. तसे केल्याशिवाय धंद्याचा परिणाम आणि खाजगी वैद्यकाचा परिणाम वेगळे करता येणार नाहीत. पाहणी गावात न थांबता फडापर्यंत गेली पाहिजे, कारण आजार तेथे होतो आणि उपचार गावात होतो.

बीड जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ झाल्या. मुलगी जन्मण्यापूर्वी तिच्याविरुद्ध वैद्यकाचा उपयोग झाला आणि ती वाढून कामाला लागली की पुन्हा तिच्याच शरीरावर झाला. या दोन्ही घटनांचा अभ्यास आजवर निरनिराळ्या दालनांत होत आला आहे. एकात कायद्याची चर्चा होते, दुसऱ्यात मजुरीची. दोहोंतील दुवा तपासण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. तो तपासताना डॉक्टर, मुकादम आणि नवरा यांच्या दोषाबरोबरच, स्त्रीला स्वतंत्र एकक म्हणून न मोजणाऱ्या हिशेबाचीही चौकशी करावी लागेल. कारण पुढच्या हंगामाची उचल आजही कोयत्यालाच दिली जाते.